काकूंच्या घरचा पीपी नंबर

ही वही कुणाच्या हाती लागली तर आधी अक्षराबद्दल माफ करा. माझे अक्षर लहानपणापासून उजवीकडे घसरत जाते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही, वेलांटी कुठली द्यायची ते मी अंदाजाने ठरवते. शाळा चौथीपर्यंतच झाली. पाचवीची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती, वाटेत बाजार लागायचा, म्हणून घरच्यांनी नको म्हटले आणि मलाही बरे वाटले. बाजारातून एकटीने जायची मला भीतीच वाटायची. वही नातीची आहे. तीही आता चौथीत आहे. वर्ष संपायच्या आत तिने वही टाकून दिली, मागची पाने कोरी होती, ती मी ठेवून घेतली.

नातीला शाळेतून प्रकल्प दिला होता, जुनी साधने बघून त्यांच्यावर लिहून आणायचे. कुणीतरी मुलीला सांगितले की गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत टेलिफोनचे संग्रहालय आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी स्वतःच्या बंगल्याच्या तळमजल्यावर ते केले आहे. रविवारी सकाळी उघडे असते, तिकीट नाही. मुलगी म्हणाली, "आई, तूही चल. घरी बसून भिंतीच बघशील."

परक्याच्या घरात जायचे म्हटले की माझे पाय अजून जड होतात. तिकीट असते तर बरे वाटले असते. बंगल्याबाहेर चपला काढताना मी तीनदा विचारले, आपण आत गेलेले चालेल ना. मुलगी म्हणाली, "अगं, लोकांनी यावं म्हणूनच ठेवलंय त्यांनी."

गृहस्थ बोलके होते. प्रत्येक फोनजवळ उभे राहून ते असे बोलत, जसे घरातल्या माणसाची ओळख करून देतात. एका फोनला बाजूला दांडा होता, तो गिरणीसारखा फिरवायचा. एक लाकडी फळा होता, त्याला शंभरेक भोके आणि दोऱ्या. त्याच्यापुढे बाई बसायची आणि दोरी ह्या भोकातून त्या भोकात घालून नाशिकचे माणूस मालेगावच्या माणसाला जोडून द्यायची, असे ते म्हणाले. खांबावरच्या चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या त्यांनी ओळीने मांडल्या होत्या. गावाकडे मुले त्यांच्यावर दगड मारायची ते मला आठवले.

"ताई, हा उचलून बघा," त्यांनी काळा फोन माझ्या पुढे केला. "खाली पडला तर फरशी फुटते, याला काही होत नाही."

"आजी, हा पाटा आहे पाटा," नात म्हणाली. "यावर चटणी वाटता येईल."

आम्ही हसलो. मग मला त्या फोनचे कुलूप दिसले.

डायलच्या एका भोकात बसवलेले, बोटाच्या पेराएवढे पितळी कुलूप. हल्लीच्या मुलांना ते काय आहे ते कळणार नाही. त्या काळी फोन महाग, म्हणून घराबाहेरच्या कुणी परस्पर लावू नये यासाठी डायलला कुलूप घालायचे. घंटा वाजली तर उचलून बोलता यायचे, पण आपल्याकडून फोन लावता यायचा नाही. त्याची किल्ली घरातल्या बाईच्या कमरेला असायची. काकूंच्या कमरेला होती.

"हे उघडं आहे, लावा नंबर," गृहस्थ म्हणाले. "वायर जोडलेली नाही, पण बोटाला सवय होऊ द्या. कुठलाही आठवतो तो लावा."

नातीला कुठलाच नंबर पाठ नव्हता. मुलीलाही नाही, स्वतःचा सोडून. मी भोकात बोट घातले. डायल फिरवला, सोडला, तो कर्रर्र करत मागे आला. पुढचा आकडा. पुढचा. मी विचार केला नव्हता. बोटच लावत गेले आणि सगळे आकडे संपल्यावर थांबले.

"पाठ आहे की अजून!" गृहस्थ म्हणाले. "कुणाचा?"

मी बोट डायलमधून काढून घेतले. मुलीने सांगितले. "आमच्या चाळीतल्या काकांचा. आमचा पीपी नंबर होता तो." मग तिने नातीला समजावले की तेव्हा चाळीत एकाच घरात फोन असायचा. ज्यांच्याकडे नाही ते नातेवाइकांना शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि पुढे पीपी असे लिहायचे. फोन शेजारी यायचा, शेजारी हाक मारायचे, मग धावत जायचे.

"आणि आई," ती माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "एकदा काका बोलवायला आले तर तू मला सांगायला लावलं होतंस, आई घरी नाही म्हणून. आठवतं? मी केवढी घाबरले होते. मला वाटलं, फोनमधल्या माणसाला सगळं दिसतं."

मी तिथल्या स्टुलावर बसले. नंतर पिवळी पाटी लावलेले एसटीडी बूथ होते, आत मीटर होते, ते त्या दोघींनी बघितले. मी काचेतून नुसते पाहिले आणि मान फिरवली. आत एक लहान बाकडे ठेवलेले होते.

आता ते लिहिते. आजवर कुणाला सांगितले नव्हते, नवऱ्यालाही नाही.

आम्ही तेव्हा पंचवटीत चाळीत राहायचो. एकच खोली. नवरा टेम्पो चालवायचा, मालेगावहून कापडाचे गठ्ठे आणायचा, दोन-दोन दिवस घरी नसायचा. मुलगी सहा वर्षांची. चाळीच्या तोंडाशी काका-काकूंचे घर होते. काका सरकारी नोकरीत, म्हणून त्यांच्याकडे फोन. तो त्यांनी बाहेरच्या खोलीत देवघराच्या फळीवर ठेवला होता, देवांच्या शेजारी. एवढी महागाची वस्तू घरात आली, ती कुठे ठेवायची, तर देवाजवळ. येता-जाता काकू त्यालाही कुंकू लावायच्या. दसऱ्याला झेंडूची माळ घालायच्या.

फोन घ्यायला जायचा मला धाकच वाटायचा. बाहेरच्या खोलीत काका पेपर वाचत बसलेले, कधी पाहुणे. सगळ्यांच्या देखत त्या काळ्या दांड्यात बोलायचे. माझा आवाज इतका खाली जायचा की माझा भाऊ, दादा, पलीकडून ओरडायचा, "हाय का नाय तू तिथं?" काकूंना ते माहीत होते. फोन आला की त्या स्वतः बोलवायला यायच्या, आणि मी बोलायला लागले की काकांना काहीतरी काम सांगून आत पाठवायच्या.

त्या दिवशी काकू बाजारात गेल्या होत्या आणि काका आले.

माझा बाजूला बसण्याचा दुसरा दिवस होता. आमच्या एका खोलीत मी कुठे बाजूला बसणार, स्वयंपाक मीच करायचे. पण देवाला शिवायचे नाही आणि दुसऱ्याच्या देवघरात पाऊल ठेवायचे नाही एवढे पाळायचे. आईने शिकवले होते तसे. फोन तर देवांच्या मांडीला मांडी लावून. काकू आल्या असत्या तर दाराआडून हळूच सांगितले असते. काकांना काय सांगणार? आणि नुसते येत नाही म्हटले असते तर ते का म्हणून विचारणार, चाळीतल्या बायका ऐकणार.

"अहो, फोन आहे तुमचा, गावाहून," काकांनी अंगणातून हाक मारली.

मी मुलीच्या कानात सांगितले. तिने दारातून डोके बाहेर काढले. "आई घरी नाही."

"कुठे गेली?"

"माहीत नाही."

काका गेले. मी दाराला कडी घातली. वाटले, दादाचा असेल, सवडीने परत करील. दहा मिनिटांनी काका पुन्हा आले. तेव्हा तशी पद्धतच होती, बोलावून आणा, दहा मिनिटांनी परत करतो. या वेळी मुलगी आतूनच मोठ्याने ओरडली, "आई घरी नाही!" मी स्टोव्ह पेटवून ठेवला होता, भाजीचे निमित्त करून. पंपाच्या स्टोव्हचा आवाज किती असतो ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. थोड्या वेळाने बाहेरून कडी वाजली. हळू वाजली. मी मुलीच्या तोंडावर हात ठेवून बसून राहिले. मग ती वाजायची थांबली.

त्याच संध्याकाळी काका-काकू नवस फेडायला वणीला गेले, घराला कुलूप लावून. चौथ्या दिवशी पहाटे परतले. त्याच दिवशी सकाळी घंटा वाजली आणि काकू स्वतः धावत आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी मला मिठीच मारली. आई गेली होती. झोपेतच गेली.

नवरा मालेगावला होता. माझ्याकडे रिक्षापुरते पैसे नव्हते. काकूंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडले, मालेगावला नवऱ्याच्या शेठला फोन लावला, मला जीपमध्ये बसवून दिले आणि माझ्या मुठीत पाचशेची नोट कोंबली. पाचशे म्हणजे आमचे दोन महिन्यांचे भाडे होते. म्हणाल्या, "मोजू नकोस, जा."

सायखेड्याला, माहेरी, गेल्यावर दादाने सांगितले की तो फोन आईचा होता. अंगात ताप होता. डॉक्टरकडून परत येताना तिने हट्ट धरला, मला लेकीशी फोनवर बोलायचंय. ती जन्मात कधी फोनवर बोललेली नव्हती. दादा तिला बूथवर घेऊन गेला. मी घरी नाही असे कळल्यावर ती दहा मिनिटे बाकड्यावर बसून राहिली आणि पुन्हा लाव म्हणाली.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर काकू आल्या होत्या, एकट्याच, एसटीने. सगळे उभे होते. बोलता बोलता त्या फोनचा विषय निघाला आणि नवरा सहज म्हणून गेला, "ती कुठे जाईल? त्या दिवशी घरीच होती." त्याच्या मनात काही नव्हते. दादा मात्र तिथेच काकूंकडे वळला.

"म्हंजे बोलावलंच नाय तुम्ही तिला. दोन बारीला फोन केला. माझी म्हातारी बाकड्यावर बसून ऱ्हायली. हाक मारायला काय पैसे पडत व्हते तुम्हाला? तुमचा फोन तुम्हालाच लखलाभ होवो."

काकूंनी माझ्याकडे बघितले. एकदाच. मी पदर पुढे ओढला आणि खाली बघत राहिले. चार पुरुषांच्या देखत, सख्ख्या भावाला मी काय सांगणार होते? पण सांगायला हवे होते. निदान "त्यांची चूक नाही" एवढे तरी. तेवढेही तोंडातून निघाले नाही. काकू काही बोलल्या नाहीत. जेवायलाही थांबल्या नाहीत, नदीकाठाने स्टँडकडे चालत गेल्या.

पुढे मी काकूंना तोंड दाखवले नाही. नळावर त्या असल्या की मी नंतर जायचे. तीन महिन्यांत आम्ही खोली बदलली. ते पाचशे आधी पैसे नव्हते म्हणून राहिले, मग पैसे होते तर तोंड नव्हते म्हणून राहिले. एक नोट मी डब्यात बाजूला ठेवली होती. नोटाबंदी झाली तेव्हा नवऱ्याने ती रांगेत उभे राहून बदलून आणली आणि विचारले, ही कशासाठी ठेवली होतीस? मी म्हटले, असू द्या. काका वारल्याचे कुणाकडून तरी कळले होते. तेव्हाही गेले नाही.

संग्रहालयातून परतताना बसमध्ये मी हे सगळे मुलीला सांगितले. नात खिडकीला टेकून झोपली होती. 

"पाळी होती म्हणून?" ती म्हणाली.

"हळू बोल."

"आई, पाळी होती म्हणून तू आजीशी बोलली नाहीस?"

पुढच्या सीटवरच्या माणसाने मान वळवली. मी तिचा हात दाबला.

"आणि ते मला बोलायला लावलंस," ती म्हणाली. मग तिने माझा हात सोडला नाही, पण माझ्याकडे बघितलेही नाही. उतरायच्या आधी म्हणाली, "काकू आहेत का अजून?"

जुन्या चाळीच्या जागी आता इमारत आहे. खालची पिठाची गिरणी मात्र तीच. गिरणीवाल्याने सांगितले, काकू इंदिरानगरला मुलाकडे असतात, त्यांची सून अजूनही भाजणी दळायला इथेच येते. पत्ता दिला. तो कागद मी दोन आठवडे पोळीच्या डब्याखाली ठेवला. मग एका गुरुवारी मुलीने सुट्टी घेतली आणि मला रिक्षात बसवले.

चौथा मजला. सुनेने दार उघडले. हॉलमध्ये काकूंचा मुलगा मॅच बघत बसला होता. काकू खिडकीपाशी खुर्चीत. केस पांढरे, कानात मशीन. मला बघून त्यांनी डोळे बारीक केले.

"कोण गं?"

मी सांगितले. त्यांना ऐकू गेले नाही. मुलीने मोठ्याने सांगितले. काकूंनी माझा हात धरला आणि खाली बसवले. "म्हातारी झालीस की गं," म्हणाल्या.

चहा आला. मी विचार केला होता की त्यांना एका बाजूला घेऊन हळू सांगेन. पण त्यांना हळू ऐकूच येत नव्हते.

"काकू, त्या दिवशी मी घरीच होते."

"काय?"

"फोन आला होता ना माझ्या आईचा. तेव्हा मी घरीच होते."

"मोठ्याने बोल गं. मशीन शिट्टी मारतं."

आयुष्यात मी कधी एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते. "मी घरीच होते! मी बाजूला होते म्हणून आले नाही! फोन तुमच्या देवाजवळ होता!"

काकूंच्या मुलाने टीव्हीचा आवाज बंद केला आणि उठून आत गेला. सून ओठ दाबून माझ्या मुलीकडे बघत होती. माझे कान तापले होते.

"ते माहीत आहे मला," काकू शांतपणे म्हणाल्या. "सकाळी प्रसाद द्यायला आले होते तर ओट्यावर ठेवा म्हणालीस. तेव्हाच कळलं. आणि तुझ्या चपला बाहेर होत्या. यांना चपला दिसत नाहीत, पुरुषांना कुठे काय दिसतं."

"मग तुम्ही घाटावर का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुझ्या भावाला, तुझ्या नवऱ्याला, त्या सगळ्यांना? तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं." त्या थांबल्या. "मला वाटलं, तू सांगशील. नंतर. कधीतरी."

मी कप खाली ठेवला. काकूच पुढे बोलल्या, आणि जे सांगितले ते मला माहीत नव्हते.

दुसऱ्या वेळी फोन आला तेव्हा काकू बाजारातून परतल्या होत्या. फोन त्यांनीच उचलला होता. त्या नको म्हणायच्या आत काका मला बोलवायला निघालेही होते, तोवर त्या माझ्या आईशी बोलत राहिल्या.

"त्या म्हणाल्या, हाय का माझी पोर बरी? मी म्हटलं, बरी आहे, पण आज बाजूला आहे, फोन देवापाशी आहे आमचा, यायची नाही ती. त्या म्हणाल्या, मंग ऱ्हाऊ द्या, नका बोलवू, लय लाजाळू हे ती. मी म्हटलं, थांबा, नातीचा आवाज तरी ऐका. वायर ताणून रिसीव्हर खिडकीत धरला. तेवढ्यात तुझी ही ओरडली, आई घरी नाही!" काकूंनी माझ्या मुलीकडे बोट दाखवले. "तर तुझी आई हसायला लागली. म्हणाल्या, माझ्या नातीला खोटं बोलाया शिकिवलं व्हय हिनं! आणि इतक्या हसल्या की खोकला लागला."

मुलीने तोंडाला पदर लावला, म्हणजे ओढणी.

"शेवटी म्हणाल्या, तिला म्हनावं मी बरी हाय, सवडीनं ये. ते सांगायला मी आले होते तुझ्याकडे. कडी वाजवली. मोठ्याने हाक मारली नाही, चाळीत तमाशा नको म्हणून. तू उघडलं नाहीस."

ती हळू वाजलेली कडी काकूंची होती.

"मग आम्हाला वणीची गाडी गाठायची होती. म्हटलं, आल्यावर सांगू. मी तरी दार ठोठावायला हवं होतं जरा," काकू म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. "आल्यावर तू एवढी रडत होतीस. तेव्हा कसं सांगू की तुझी आई माझ्याशी बोलली आणि तुझ्याशी नाही?"

आईला कळले होते, एवढे मला पुरे व्हायला हवे होते. पण तिचा आवाज मी ऐकला नाही तो नाहीच. इतकी वर्षे काकूंचे दार उघडले असते तर तिचे हसणे तरी मला केव्हाच मिळाले असते. ते एका माणसाने माझ्यासाठी सांभाळून ठेवले होते आणि मी त्या माणसाला टाळत राहिले.

मी पिशवीतून नोट काढली आणि काकूंच्या पुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"हे घेईन," म्हणाल्या. "नाही म्हणणार नाही. पण आधी भावाला फोन लाव."

"काकू, दादाला मी काय सांगू? कसं सांगू?"

"मला सांगितलंस तसं. तेवढ्याच मोठ्याने."

मुलीने तिच्या मोबाइलवर नंबर लावला आणि स्पीकर चालू करून माझ्या हातात दिला. दादा सायखेड्यातच असतो. त्याने उचलला, मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता.

"दादा, आईचा फोन आला तेव्हा मी घरीच होते. काका दोनदा बोलवायला आले होते. मीच गेले नाही."

"का?"

"बाजूला होते."

मोटारीचा आवाज तेवढा येत राहिला. मग तो चालत लांब गेला असावा, आवाज कमी झाला.

"मंग त्या बाईंना मी जे बोललो घाटावर..."

"हो."

"आन तू तिथं हुभी व्हतीस."

"हो दादा."

तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते. म्हणाला, "आई बूथमधून हसत बाहेर आली व्हती. मी ईचारलं काय झालं, तर म्हने काय नाय, नाय घरी ती. मला वाटलं, तापात हसती." मग त्याने विचारले, "हायेत का त्या?"

"समोर बसल्यात."

"दे त्यांना."

काकूंनी मोबाइल मशीनच्या कानाला लावला, मशीनने शिट्टी मारली, त्यांनी दुसऱ्या कानाला लावला.

"काकू, मी सायखेड्याचा. चुकलं माझं. लय वाईट बोललो तुम्हाला."

"काय म्हणतो?" काकूंनी मला विचारले.

"चुकलं म्हणतोय."

"ऐकू नाही आलं. परत म्हणायला सांग."

दादा पुन्हा म्हणाला. या वेळी इतक्या जोरात की काकूंचा मुलगा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मला वाटते, काकूंना पहिल्यांदाच ऐकू आले होते.

"ठीक आहे," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "आता ठेव, बिल वाढेल." आणि मोबाइल मुलीला परत दिला.

मग त्यांनी हात पुढे केला. मी नोट त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली, घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवली. पूर्वी किल्ली असायची तिथेच.

"पाचशे," काकू म्हणाल्या. "पूर्ण मिळाले."